जुनी माझदा एमएक्स-५ घेताय? आधी पत्रा बघा, मग इंजिन

काही हजार पौंडांत दोन सीटची, छत उघडणारी, मागच्या चाकांवर चालणारी आणि तरीही भरवशाची गाडी हवी असेल, तर ब्रिटनमध्ये शोध बहुतेक वेळा माझदा एमएक्स-५ पाशी येऊन थांबतो. गाडी हलकी, जेमतेम एक टनाची. सुटे भाग सहज मिळतात आणि पुष्कळशी कामं घराशेजारच्या गॅरेजात साध्या पान्यांनी होतात. लेस्टर, बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या आसपास राहणारा कुणी मराठी माणूस पहिलीच स्पोर्ट्स कार घेणार असेल, तर आम्ही हीच सुचवू.

मात्र गाडी बघायला गेल्यावर बहुतेक जण क्रम उलटा लावतात. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात, रंगाची चकाकी बघतात, एक चक्कर मारतात आणि पैसे मोजतात. या गाडीचं इंजिन क्वचितच दगा देतं. दगा देतो तो पत्रा. इंजिन बिघडलं तर दुसरं चालू इंजिन मिळतं आणि एका दिवसात बसतं. दाराखालचे सिल आणि पुढचे चॅसिस लेग कुजले असतील, तर वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा गंजाला दिली आहे.

कोणती एमएक्स-५?

पहिली पिढी, जिला इथे सगळे मार्क १ म्हणतात, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये दिसली. ब्रिटनमध्ये ती १९९० पासून विकली गेली आणि १९९७ पर्यंत बनली. वर उघडणारे हेडलाइट ही तिची खूण. सुरुवातीला १.६ लिटरचं, म्हणजे १५९७ सीसीचं इंजिन होतं, ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास. मग १८३९ सीसीचं १.८ आलं. ब्रिटनमध्ये १९९५ च्या सुमारास स्वस्त मॉडेल म्हणून १.६ परत आली, पण तिची ताकद ९० हॉर्सपॉवरच्या आसपास उतरवलेली होती. जाहिरातीत नुसतं ‘१.६’ लिहिलं असेल तर कोणत्या साली बनली ते विचारा. चालवताना फरक स्पष्ट जाणवतो.

दुसरी पिढी १९९८ ते २००५. हेडलाइट स्थिर, मागची काच खरी काचेची. २००१ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या, त्या गाड्यांना मार्क २.५ म्हणतात. इथली सगळी माहिती या दोन पिढ्यांपुरती आहे. २००५ नंतरची गाडी वेगळी, तिचे आजारही वेगळे.

मार्क १ मधल्या बऱ्याच गाड्या जपानहून वापरून आलेल्या आहेत. तिकडे ही गाडी युनोस रोडस्टर या नावाने विकली जायची. तिचा चॅसिस नंबर एनए६सीई किंवा एनए८सी असा सुरू होतो. ब्रिटनमध्ये नवी विकलेली गाडी असेल तर नंबर सतरा अक्षरांचा आणि सुरुवात जेएमझेड अशी असते. युनोस वाईट नसते. तिच्यात एसी आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागचं एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी यंत्रणा) मिळण्याची शक्यता जास्त. पण तिथे मीठ टाकलेल्या रस्त्यांसाठी खालून संरक्षक थर दिलेला नसतो. ती ब्रिटनमध्ये येऊन पंचवीस वर्षं झाली असतील, तर ‘जपानी आहे, गंज नाही’ हे विक्रेत्याचं वाक्य मनावर घेऊ नका.

घरातून निघण्याआधी

गाडीचा नंबर मागून घ्या आणि सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास उघडा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. २००५ पासूनच्या नोंदी तिथे सापडतात. प्रत्येक तपासणीचं मायलेज, नापास होण्याची कारणं आणि पास करतानाही दिलेल्या सूचना, म्हणजे ॲडव्हायजरी, सगळं वाचा. सिल, कोरोजन, ब्रेक पाइप हे शब्द शोधा. एखाद्या वर्षी सिल गंजल्याची सूचना आहे आणि पुढच्या वर्षी ती गायब झाली, तर मधल्या काळात काय केलं याची पावती आणि फोटो मागा. पावती नसेल तर त्यावर फक्त काळा थर फासला असण्याची शक्यता धरून चला. ‘खालचा भाग अंडरसीलने (अशाच काळ्या थराने) झाकलेला’ अशी नोंद हीसुद्धा धोक्याची खूण.

मायलेज मधेच घसरलेलं किंवा उडी मारलेलं दिसलं तर लगेच फसवणूक समजू नका. युनोसचा मीटर किलोमीटरमध्ये असतो आणि नंतर मैलांचा बसवलेला असतो, तेव्हा असा घोळ होतो. मात्र कोणत्या तारखेला, किती आकड्यावर मीटर बदलला हे कागदावर असायला हवं. दोन-तीन वर्षं एमओटीच नसेल तर गाडी उभी होती. अशा गाडीत ब्रेक जाम, टायर कडक आणि टाकीत जुनं पेट्रोल हे गृहीत धरा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. एमओटी करणारा माणूस कुठलंही आवरण खोलत नाही. झाकलेला गंज त्याला दिसणार नाही, म्हणून कालच पास झालेली गाडीही आतून कुजकी असू शकते.

थोडे पैसे खर्चून गाडीचा खाजगी इतिहास-तपास करा. तिच्यावर कर्ज बाकी आहे का आणि विमा कंपनीने ती कधी मोडीत काढली होती का, हे त्यातून कळतं. ऑक्टोबर २०१७ पासून दुरुस्त करण्याजोग्या मोडीत गाड्यांना एस आणि एन हे वर्ग आहेत, त्याआधी सी आणि डी होते. एस म्हणजे गाडीच्या सांगाड्याला मार लागलेला, एन म्हणजे सांगाडा सोडून इतर नुकसान. एन वर्गातली गाडी स्वस्तात आणि दुरुस्तीच्या कागदांसह मिळत असेल तर विचार करता येईल. एस वर्गातली जुनी एमएक्स-५ आम्ही सोडून देऊ, कारण धडधाकट गाड्या अजून भरपूर आहेत.

लंडनकरांनी एक गोष्ट आधीच बघावी. २९ ऑगस्ट २०२३ पासून उलेझ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा विभाग) लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये लागू आहे. पेट्रोल गाडी युरो ४ निकषात बसत नसेल तर गाडी चालवाल त्या प्रत्येक दिवसाला १२.५० पौंड. मार्क १ त्यात बसत नाही. मार्क २.५ बाबत मात्र त्या विशिष्ट गाडीचा नंबर टाकून खात्री करा, मॉडेलच्या नावावर जाऊ नका. रोड टॅक्सची रेघ मार्च २००१ ची: त्याआधी नोंदलेल्या गाडीला इंजिनाच्या सीसीवर, त्यानंतरच्या गाडीला कार्बन उत्सर्जनावर. विम्याचा अंदाजही गाडी बघायच्या आधीच घ्या. खाली केलेलं सस्पेन्शन, बदललेला सायलेन्सर, टर्बो, सगळं कंपनीला सांगावं लागतं. सांगितलं नाही तर अपघातानंतर हातात काहीच न पडण्याची वेळ येऊ शकते.

गंज: इथे घाई करू नका

सोबत न्या: जोरदार टॉर्च, मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं मॅग्नेट, हातमोजे, जमिनीवर अंथरायला जुनी चादर आणि पाण्याची एक लिटरची बाटली. गाडी दिवसा, कोरड्या हवेत बघा. पावसात भिजलेला पत्रा कसलाही असला तरी चमकतो.

आधी गंज का लागतो ते समजून घेऊ, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. कापडी छतावर पडलेलं पाणी मागच्या बाजूला एका पन्हळीत जमा होतं. तिथून ते दोन्ही सीटच्या मागे, सीटबेल्टच्या खांबाजवळच्या ड्रेनमध्ये (पाणी वाहून नेणाऱ्या नळीत) उतरतं आणि सिलजवळून खाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे, जमिनीवर पडतं. झाडाची पानं, माती आणि छताच्या कापडाचा भुगा यांनी ड्रेन तुंबतो. मग पाणी सिलमध्ये साचतं नाहीतर केबिनमध्ये शिरतं. सिल तीन थरांचं असतं: बाहेरचा पत्रा, मधली मजबुतीची पट्टी, आतला पत्रा. कुजायला सुरुवात आतून होते. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं आहे हे: वरून रंग शाबूत, आत भुगा. बाहेर फुगवटा दिसायला लागतो तोवर मधली पट्टी गेलेली असते.

म्हणून पहिली तपासणी पाण्याची. छत लावा. बाजूच्या काचेच्या मागे जिथे कापड पत्र्याला मिळतं, तिथे प्रत्येक बाजूला अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. काही क्षणांत मागच्या चाकाच्या पुढे धार पडायला हवी. थेंब थेंब पडत असेल किंवा काहीच पडत नसेल तर ड्रेन तुंबलेला आहे आणि तो किती वर्षांपासून तुंबलेला आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. मग सीटमागचं कार्पेट उचलून खालचं फोम हाताने दाबा. ओल, कुबट वास किंवा वाळलेल्या पाण्याचे डाग म्हणजे पाणी आत येत होतं.

आता चादर अंथरून आडवे व्हा. मागच्या चाकाच्या पुढचा तीस-चाळीस सेंटिमीटरचा सिलचा तुकडा हा या गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. अंगठ्याने दाबून बघा. विक्रेत्याची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने टकटक करत पुढून मागे जा. धडधाकट पत्रा टणटण वाजतो, कुजका किंवा पुटी भरलेला पत्रा बद्द वाजतो. मॅग्नेट फिरवा, जिथे ते धरत नाही किंवा हलकंच धरतं, तिथे पत्र्याऐवजी पुटी आहे. दोन्ही बाजूंच्या सिलचा आकार एकमेकांशी ताडून बघा. कारखान्यातली घडी सरळ आणि धारदार असते, हाताने केलेली जरा गोलसर आणि मऊ येते. मागच्या चाकावरच्या कमानीची आतली कड हातमोजा घालून बोटांनी चाचपा. पापुद्रे निघाले तर तिथलाही पत्रा बदलावा लागेल.

सिल एवढा महत्त्वाचा का? कारण छत नसलेल्या गाडीत कणा तोच असतो, शिवाय सीटबेल्ट आणि मागचं सस्पेन्शन त्याच्या शेजारीच बसतं. अशा जोडणीच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा भोकं पडण्याइतका गंजला तर एमओटी नापास होते. नीट दुरुस्ती म्हणजे बाहेरचा पत्रा कापून मधली पट्टीही नवी घालणं. स्वस्तातली दुरुस्ती म्हणजे कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणं. ती एखाद-दोन एमओटी काढून देते आणि आतलं कुजणं चालूच राहतं. दुरुस्ती झाली असं सांगितलं तर पत्रा कापलेल्या अवस्थेतला फोटो मागा. नीट काम करून घेणाऱ्या मालकाकडे तो हमखास असतो.

खालून ताजा, दाट, काळा अंडरसील दिसला तर तो गाडीचा दोष म्हणूनच मोजा. ज्याला पत्रा जपायचा असतो तो मेणासारखं पातळ, पिवळसर-पारदर्शक संरक्षक मारतो, म्हणजे खालचा पत्रा दिसत राहतो.

मार्क २ आणि विशेषतः २.५ घेत असाल तर सिलइतकीच तपासणी पुढच्या चॅसिस लेगची. बंपरच्या मागून इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या या पेटीसारख्या तुळया आहेत. धडक बसली तर चुरडून धक्का खाणारा भाग हाच. दुसऱ्या पिढीत तो अनेक थरांचा आहे, थरांमध्ये पाणी अडकतं आणि पत्रा आतून फुटतो. त्रास असा की खालचं प्लॅस्टिक आवरण तो झाकून टाकतं. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकाच्या खोबणीतून टॉर्च मारा आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी आडवी दांडी) बसतो त्याच्या आसपास पत्र्याला फुगवटा, तडा किंवा पापुद्रे आहेत का बघा. शक्य असेल तर आवरणाचे बोल्ट काढायची परवानगी मागा किंवा गाडी गॅरेजात रॅम्पवर चढवा. विक्रेता रॅम्पला नकार देत असेल तर परत फिरा. मार्क १ मध्ये हा आजार फारच कमी आहे. नवीन दिसते म्हणून मार्क २.५ ला झुकतं माप देणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

उरलेल्या जागा झटपट होतात. पुढच्या मडगार्डचा खालचा, दाराकडचा कोपरा. तिथे माती साचते, पण मडगार्ड बोल्टवर बसतं, त्यामुळे काळजी कमी. विंडस्क्रीनची चौकट. डिकीचा तळ, खास करून उजव्या बाजूला. या गाडीची बॅटरी तिथे असते. मूळ बॅटरी बंदिस्त जातीची, वाफ बाहेर काढणाऱ्या नळ्यांची. कुणी तिच्या जागी साधी ॲसिडची बॅटरी बसवली आणि नळ्या जोडल्या नाहीत, तर ॲसिडच्या वाफेने खालचा पत्रा खाऊन टाकलेला असतो.

मॅग्नेट बॉनेटला चिकटलं नाही तर घाबरू नका. दोन्ही पिढ्यांत बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे.

छत

मार्क १ ची मागची खिडकी मऊ प्लॅस्टिकची आणि झिपवर बसलेली. छत खाली घेण्याआधी झिप उघडून खिडकी सपाट पाडायची असते. थंडीत तशीच दुमडली की तिला घडी पडते आणि मग ती फुटते. घडीजवळ तडे, पिवळेपणा, झिपचे तुटलेले दात बघा. दोन्ही पिढ्यांत छताचं कापड बाजूच्या काचांच्या वरच्या कोपऱ्यात आणि मागच्या शिवणीवर विरतं. आत बसून कापडाकडे बघा, उजेडाचे ठिपके दिसतात का. पन्हळीचं प्लॅस्टिकही फुटतं आणि मग नवं छत असूनही पाणी आत येतं. वर हार्डटॉप बसवलेला असेल तर तो काढायला लावा. हार्डटॉपला स्वतःची चांगली किंमत आहे, पण त्याच्याखाली फाटकं छत वर्षानुवर्षं लपून राहतं.

इंजिन थंड हवं

पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विक्रेत्याने ती आधीच चालवली आहे. पुन्हा कधीतरी यायचं ठरवा. थंड इंजिन सुरू झाल्यावरच बरंच काही सांगतं.

मार्क १ मध्ये सुरू करताना वरून टिकटिक आवाज येतो. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांत) तेल भरेपर्यंत तो राहतो आणि थोड्या वेळात जातो. इंजिन पूर्ण तापल्यावरही चालू असेल तर तेल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं आहे. नवं तेल-फिल्टर घातल्यावर बऱ्याचदा थांबतो. हा आवाज किंमत कमी करायला उपयोगी, गाडी नाकारायला नाही. खालून येणारी जड ठकठक ही वेगळी गोष्ट. ती ऐकू आली तर व्यवहार तिथेच सोडा.

टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना बदलायचा असतो. कमी चाललेल्या गाडीत वर्षंही मोजायची, कारण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. मार्क १ च्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते एवढंच. २००१ नंतरच्या व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या इंजिनाबाबत तो भरवसा ठेवू नका. पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप असा पूर्ण संच बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

१९९१ च्या मध्यापर्यंतच्या सुरुवातीच्या १.६ गाड्यांना एक खास दोष आहे. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड. बेल्ट बदलताना मधला मोठा बोल्ट नीट टॉर्कने घट्ट केला नाही तर त्या टोकावरची पुली (चकती) डुगडुगते, तिला जागेवर धरणाऱ्या खिळीची खाच झिजते, टायमिंग मागे जातं आणि ताकद हळूहळू उतरते. ओळखायचं असं: क्रँक पुलीच्या मधल्या भागाला चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर सुधारलेलं लांब टोक. चार खाचा दिसल्या म्हणून गाडी सोडायची नाही. अशा कितीतरी गाड्या वर्षानुवर्षं व्यवस्थित चालल्या आहेत. इंजिन चालू असताना टॉर्चने पुलीकडे एकटक बघा. ती डोलत असेल तर मात्र नाही म्हणा.

दुसऱ्या पिढीच्या १९९९-२००० सालच्या काही १.८ इंजिनांत क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग झिजल्याची उदाहरणं आहेत. तपासणी सोपी: इंजिन चालू, एकाने क्लच दाबायचा-सोडायचा, दुसऱ्याने क्रँक पुली बघायची. कारखान्याची मर्यादा ०.३ मिलिमीटरची, म्हणजे डोळ्याला जवळजवळ काही दिसायलाच नको. पुली पुढेमागे सरकताना स्पष्ट दिसली तर इंजिन संपलेलं आहे.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग बघा. मुळात ती काळी असते. तपकिरी किंवा शेवाळी झाली असेल तर प्लॅस्टिक ठिसूळ झालं आहे आणि एखाद्या उन्हाळी ट्रॅफिकमध्ये तडकणार. रेडिएटर स्वस्त आहे; पण ते तडकल्याचं लक्षात न आल्याने तापून गेलेलं इंजिन स्वस्त नाही. थंड असताना झाकण उघडून कूलंट बघा. गढूळ, गंजकट पाणी म्हणजे वर्षानुवर्षं कुणी बदललेलं नाही.

मार्क १ मध्ये सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे. त्याची छोटी ओ-रिंग कडक होऊन तेल गळतं आणि गिअरबॉक्सच्या तोंडावर उतरतं. मेकॅनिकही त्याला क्रँकचं मागचं सील समजून गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला देतात. ओ-रिंग काही पेन्सची असते. खाली तेल दिसलं तर आधी वर, हेडच्या मागे टॉर्च मारा.

डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा साधारण १९९५ पर्यंतच्या गाड्यांत खरा दाब दाखवतो: इंजिन तापल्यावर आयडलला खाली, ३००० आरपीएमला मधोमध किंवा वर. त्यानंतरच्या गाड्यांत तो नुसता चालू-बंद स्विचवर चालतो, कायम एकाच जागी उभा राहतो. त्या काट्यावरून इंजिनाच्या तब्येतीचा काहीही निष्कर्ष काढू नका.

चालवून बघताना

निघायच्या आधी क्लच दाबून काही सेकंद धरा. पाय हळूहळू खाली जात असेल किंवा गिअर पडायला कुरकुर होत असेल तर स्लेव्ह सिलिंडर गळतोय. या गाडीत तो ठरलेलाच जातो. भाग स्वस्त, काम तासाभराचं. क्लच प्लेटची परीक्षा वेगळी: चौथ्या गिअरमध्ये ३५ मैलांच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडाले आणि वेग तसा वाढला नाही तर प्लेट घसरतेय.

थंडीत पहिली काही मिनिटं दुसरा गिअर जड जातो, ते स्वाभाविक. गरम झाल्यावरही करकर आवाज आला तर सिंक्रो रिंग झिजल्या आहेत. गिअर लिव्हरभोवतून गरम हवा आणि आवाज वर येत असेल तर आतलं रबरी बूट फाटलंय, किरकोळ काम.

चढावर, ताण देताना, २५०० ते ४००० आरपीएममध्ये इंजिन अडखळलं तर बहुतेक वेळा स्पार्क प्लगच्या वायर थकलेल्या असतात. प्लग आणि वायर नवे घातले की जातं. तरीही राहिलं तर कॉइल बघावी लागते. आरशात धूर बघा: उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर इंजिन तेल पितंय.

ताशी ६० मैलांच्या आसपास स्टिअरिंग थरथरलं तर आधी टायर बॅलन्सिंगचा संशय घ्या. ही गाडी त्याबाबत फार हळवी आहे. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. नक्षी भरपूर आणि वय बारा वर्षं, असे टायर उभ्या राहिलेल्या गाड्यांवर नेहमी असतात. ओल्या रस्त्यावर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत ते खरोखर धोकादायक आहेत.

परत आल्यावर चारही चाकांच्या जवळ हात न्या. मागचं एखादं जास्त तापलेलं असेल तर ब्रेक कॅलिपर जाम आहे. हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये असल्याने हा आजार सर्रास दिसतो. हँडब्रेक पाच ते सात दात वर आल्यावर गाडी धरायला हवी. नुसता सैल असेल तर कॅलिपरच्या मागचा १४ मिलिमीटरचा बोल्ट काढून आतल्या ४ मिलिमीटर ॲलन कीच्या स्क्रूने तो जुळवता येतो.

टायर एका कडेने झिजले असतील तर व्हील अलाइनमेंटची नवी पावती मागा. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे जुळवणीचे बोल्ट गंजून बुशात अडकतात आणि मग अलाइनमेंट करताच येत नाही. बोल्ट कापून काढावे लागतात, मजुरी भरपूर लागते. रॅम्पवर गाडी असेल तर गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी लांब ॲल्युमिनियमची तुळईही बघा. तिला खालून जॅक लावून वाकवणारे महाभाग असतात.

विजेचं फारसं काही नाही. काचा दोन्ही बाजूंनी वर-खाली करा. हळू चालणं चालेल, वाकडं चालणं म्हणजे केबल जाणार. मार्क १ चे हेडलाइट तीन-चार वेळा उघडबंद करा. एअरबॅगचा दिवा सुरुवातीला लागून विझायला हवा. लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून टाकलेला असू शकतो. युनोसला मागचा फॉगलाइट ब्रिटनमध्ये बसवलेला असतो, तो चालतो ना बघा. १९९३ च्या आसपासपर्यंतच्या गाडीतला एसी जुन्या आर-१२ वायूवरचा असेल तर ‘फक्त गॅस भरायचा राहिलाय’ हे खरं नाही. तो वायू आता मिळत नाही, दुसऱ्या वायूसाठी यंत्रणेत बदल करून घ्यावे लागतात.

किंमत बोलताना

सापडलेल्या गोष्टी दोन गटांत लिहा. टायर, टायमिंग बेल्ट, क्लच, रेडिएटर, कॅलिपर, छत हा पैशांचा गट. त्यांचा अंदाज आधीच काढून नेला असेल तर बोलणं सरळ होतं आणि विक्रेताही रागावत नाही. सिल, चॅसिस लेग, वाकलेला सांगाडा हा दुसरा गट. त्यात काही सापडलं आणि स्वतः वेल्डिंग येत नसेल, तर कितीही सूट दिली तरी घेऊ नका. मायलेज जास्त, रंग फिका, सीट फाटलेली, पण सिल कोरडे आणि पावत्यांची फाइल जाड, अशी गाडी चमचमत्या कमी चाललेल्या गाडीपेक्षा आम्ही केव्हाही आधी उचलू.

पैसे देताना नोंदणीचं व्ही५सी पुस्तक हातात असू द्या. त्यावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. विक्रेत्याचा पत्ता त्यावरचाच आहे ना, तेही बघा.

पुढे कधीतरी ही गाडी पुण्याला किंवा पणजीला नेऊ, असा बेत कुणाच्या मनात असेल तर तो घेण्याआधीच सोडून द्यावा. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात दोन्ही ड्रेन साफ करा. जाड, मऊ नायलॉनची दोरी वरून हळूहळू सोडा आणि त्यानंतर पाणी ओता. टोकदार तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते आणि पाणी सिलमध्येच सुटतं. मग सिलच्या आत आणि चॅसिस लेगमध्ये लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागांत मारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या. पत्रा पूर्ण कोरडा असल्याशिवाय ते मारायचं नाही, म्हणून हे काम उन्हाळ्यात, रस्त्यावर मीठ पडायला लागण्याच्या बरंच आधी उरका. त्यानंतर दर शरद ऋतूत, पानगळ संपली की, बाटलीभर पाणी ओतून धार पडते का ते बघत जा.